एक वेढा, दोन विधवा : जतच्या डफळे घराण्याची अपरिचित कथा

१.
इ.स. १७०० च्या उन्हाळ्याच्या तोंडी अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने दोन मराठा स्त्रिया विधवा झाल्या. मार्चच्या प्रारंभी सिंहगडावर छत्रपती राजारामांचे निधन झाले आणि स्वराज्याची धुरा महाराणी ताराबाईंवर आली. एप्रिलच्या मध्यास साताऱ्याच्या किल्ल्याच्या फुटलेल्या तटावर बाजी चव्हाण डफळे पडले आणि जतच्या येसूबाई मागे उरल्या. ताराबाईंचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. येसूबाईंनी पुढे जवळजवळ अर्धशतक एक जहागीर सांभाळली. त्यांचे नाव मात्र जतच्या परिसराबाहेर क्वचितच ऐकू येते.

२.
आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या दोन स्त्रियांचे पती एकमेकांच्या विरुद्ध बाजूस होते. राजाराम महाराज औरंगजेबाशी लढत होते. बाजी डफळे औरंगजेबाच्या फौजेतून साताऱ्याचा तट चढत होते. एक मराठा सरदार मराठ्यांच्या राजधानीवर चालून का गेला? आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचे घराणे २४८ वर्षे कसे टिकले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना जतच्या डफळ्यांचा सारा इतिहास उलगडतो.

३.
प्रथम भूमी पाहू. जत हा आजच्या सांगली जिल्ह्याचा अगदी पूर्वेकडील तालुका. कृष्णाकाठचा ऊस आणि काळी जमीन येथवर पोहोचत नाही. माळरान, खडक, अल्प पाऊस आणि वारंवार पडणारा दुष्काळ हे या प्रदेशाचे प्राक्तन. माडग्याळची मेंढी येथलीच. बाजारात मराठीइतकीच कन्नड ऐकू येते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला आणि जतच्या यल्लम्मादेवीला दोन्ही भाषांचे भाविक येतात. पश्चिमेस सातारा, पूर्वेस विजापूर. या दोन सत्ताकेंद्रांच्या मधोमध जत वसले आहे.

४.
अशा सीमाभागातून फौजा सतत जात-येत असतात. जत तालुक्यातील उमराणी हे गाव त्याचे उत्तम उदाहरण. इ.स. १६७३ मध्ये सरनौबत प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला येथेच कोंडीत पकडले. त्यांनी त्याच्या फौजेचे पाणी तोडले. जतच्या माळावर चैत्र-वैशाखात पाणी तोडणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिले आणि शिवाजी महाराजांचा रोष ओढवून घेतला. पुढच्याच वर्षी नेसरीला झालेल्या प्रतापरावांच्या बलिदानाची नाळ उमराणीच्या या प्रसंगाशी जोडलेली आहे.

५.
आता घराणे. डफळे हे मूळचे आडनाव नव्हे. हे कुळ चव्हाणांचे. जतच्या पश्चिमेस असलेल्या डफळापूर या गावाची पाटीलकी त्यांच्याकडे वंशपरंपरेने होती आणि गावावरूनच ते ‘डफळे’ म्हणवले जाऊ लागले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा विजापूरच्या पदरी असलेल्या प्रमुख मराठा घराण्यांची नावे देतो. त्यांत जावळीचे मोरे, फलटणचे निंबाळकर, घाटगे, माने, घोरपडे आणि वाडीचे सावंत यांच्या पंक्तीत डफळ्यांचेही नाव आहे. एका गावच्या पाटलांचे कुळ या पंक्तीत येऊन बसले होते.

६.
या उत्कर्षाचा शिल्पकार म्हणजे सटवाजीराव डफळे. आदिलशाहीच्या अखेरच्या काळात, इ.स. १६८० च्या सुमारास, त्यांच्याकडे जत, करजगी आदी महालांची देशमुखी आली. पाटील एका गावाचा. देशमुख अनेक गावांच्या परगण्याचा. वसुलावर देखरेख ठेवणे, परगण्यात शांतता राखणे आणि प्रसंगी फौज घेऊन हजर होणे ही देशमुखाची कामे. त्याबदल्यात वसुलातील ठरावीक हक्क, मानपान आणि इनाम जमिनी. या साऱ्याला मिळून ‘वतन’ म्हणत.

७.
वतन ही कल्पना समजल्याशिवाय सतराव्या शतकातील मराठा सरदारांचे वर्तन समजत नाही. सुलतान बदलतो, बादशहा बदलतो, राजधानी बदलते; वतन मात्र मुलाकडे, नातवाकडे आणि पणतवाकडे जावे अशी अपेक्षा असते. वतनदाराच्या दृष्टीने आपली पहिली निष्ठा या जमिनीशी आणि कुळाशी होती. वरची सत्ता कोणाचीही असो, तिने आपले वतन मान्य करावे, हाच त्याचा खरा प्रश्न. शिवाजी महाराजांनी वतनदारांवर वचक बसवण्याचे धोरण स्वीकारले, त्याचे कारण हेच.

८.
सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले आणि आदिलशाही संपली. ज्या दरबाराने देशमुखी मान्य केली तोच नाहीसा झाला. डफळ्यांपुढे आता औरंगजेब उभा होता. त्याची अफाट छावणी दख्खनमध्येच ठाण मांडून होती आणि जत नव्याने जिंकलेल्या मोगल मुलखाच्या पोटातच आले होते. सटवाजीराव मोगलांच्या चाकरीत गेले. असे करणारे ते एकटे नव्हते. म्हसवडच्या नागोजी मान्यांसारखे मातबर सरदार या काळात मोगल आणि मराठे अशा दोन्ही बाजूंना दिसतात.

९.
दुसऱ्या बाजूनेही हाच व्यवहार चालू होता. जिंजीहून राजाराम महाराजांनी सरदारांना आणि देशमुखांना वतनांची व इनामांची आश्वासने देऊन स्वराज्याकडे वळवण्याचा सपाटा लावला होता. मोगल मनसब देत, छत्रपती वतनपत्र देत. आज ‘निष्ठावंत’ आणि ‘फितूर’ अशा दोनच कप्प्यांत ही माणसे बसवण्याचा मोह होतो. त्यांच्या काळात या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, फार मोठा कप्पा होता. आपले परगणे वाचवू पाहणाऱ्या वतनदारांचा.

१०.
डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. त्या वेळी सातारा ही मराठ्यांची राजधानी होती. किल्लेदार प्रयागजी प्रभू वयोवृद्ध, पण अत्यंत चिवट. महिनोन्महिने तोफा चालल्या, तरी किल्ला हलेना. अखेर मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. याच वेढ्याच्या काळात राजाराम महाराजांच्या निधनाची वार्ता आली. बादशहाच्या छावणीत आनंद झाला. मराठ्यांची फळी आता कोसळेल असे तेथे सर्वांना वाटले.

११.
एप्रिलमध्ये सुरुंगांना बत्ती दिली गेली. पहिल्या स्फोटात किल्ल्यातील कित्येक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. प्रयागजी स्वतः गाडले गेले होते; त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. दुसरा स्फोट मात्र उलटला. तटाचा प्रचंड भाग बाहेरच्या अंगाला, हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. सुमारे दोन हजार माणसे दगडामातीखाली चिरडली गेली.

१२.
त्या धुराळ्यात जी मोजकी माणसे तटावर चढली, त्यांत सटवाजीरावांचे पुत्र बाजी होते. वाट मोकळी होती, पण मागून कोणी आले नाही. डोळ्यांदेखत शेकडो सोबती गाडले गेलेले पाहून खालचे सैन्य जागीच थिजले होते. किल्ल्यातील शिबंदी सावरली आणि वर पोहोचलेल्यांना तिने कापून काढले. बाजी तेथेच पडले. त्याच महिन्यात वाटाघाटीने किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि शाहजादा आझमच्या नावावरून त्याला ‘आझमतारा’ म्हटले जाऊ लागले. ज्या तटावर बाजींनी प्राण दिला, तो शेवटी तलवारीने नव्हे, बोलणीने सर झाला.

१३.
मुलाच्या मृत्यूची भरपाई बादशहाने आपल्या रीतीने केली. जत आणि करजगीची जहागीर सटवाजीरावांना मिळाली. देशमुखी हा वतनाचा हक्क, तर जहागीर हा राज्यकर्त्याने दिलेला वसुलीचा अधिकार. आता दोन्ही एका घरात आले. पुढच्या जत संस्थानाचा पाया हाच. तो एका तरुणाच्या रक्ताने भरला गेला होता, आणि वाड्यात त्याची पत्नी जिवंत होती.

१४.
इ.स. १७०६ मध्ये सटवाजीराव वारले. त्यांचे पुत्र त्यांच्या आधीच गेले होते. एवढ्या धडपडीने मिळवलेले वतन सांभाळण्यास घरात कर्ता पुरुष नव्हता. अशा वेळी साधारणतः भाऊबंद पुढे सरसावतात, शेजारचे देशमुख सीमा सरकवतात आणि वरची सत्ता ‘वारस नाही’ म्हणून जप्तीचा शिक्का काढते. जतमध्ये तसे झाले नाही. बाजींच्या पत्नी येसूबाईंनी कारभार हाती घेतला आणि इ.स. १७५४ पर्यंत तो सोडला नाही.

१५.
अठ्ठेचाळीस वर्षे! हा काळ किती दीर्घ आहे हे समजण्यासाठी त्यात काय काय घडले ते पाहावे. १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७१९ मध्ये मराठ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीस दिल्लीची मान्यता मिळाली. १७२४ मध्ये निजामाने दख्खनमध्ये आपली स्वतंत्र सत्ता उभी केली. बाळाजी विश्वनाथ आणि थोरले बाजीराव हे दोन पेशवे होऊन गेले आणि तिसरे, नानासाहेब, गादीवर आले. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. या सर्व काळात जतचा शिक्का एकाच हाती होता.

१६.
येसूबाईंपुढील पेच सोपा नव्हता. त्यांच्या घराण्याची जहागीर मोगलांच्या देणगीची, आणि मोगलांचे बळ तर डोळ्यांदेखत ओसरत होते. विजापूरच्या सुभ्यावर निजाम हक्क सांगत होता. पश्चिमेकडून साताऱ्याची सत्ता वाढत होती. चौथाईचे वसूलदार येत होते. ज्या राजधानीच्या तटावर पती मारला गेला, तीच राजधानी आता आसपासच्या मुलखाची धनीण होत चालली होती. अशा स्थितीत एका चुकीच्या पक्षाची बाजू घेणे म्हणजे परगणा गमावणे. आसपास अनेक मोठी घराणी या उलथापालथीत लयास गेली. जत राहिले.

१७.
येथे पुन्हा ताराबाईंची आठवण होते. एकीने लढून राज्य वाचवले, दुसरीने टिकून परगणा वाचवला. ताराबाईंच्या मोहिमांची वर्णने मोगल इतिहासकारांनीही लिहून ठेवली, कारण त्या त्यांच्या शत्रू होत्या आणि त्यांच्या घोडदौडीचा तडाखा त्यांना बसत होता. येसूबाईंच्या वाट्याला असा चरित्रकार आला नाही. वसूल वेळेवर गोळा करणे, दुष्काळात सूट देणे, भाऊबंदांना आवरणे, दोन दरबारांशी एकाच वेळी सलोखा राखणे, या कामांची बखर कोणी लिहीत नाही. त्यांचा परिणाम मात्र नकाशावर दिसतो.

१८.
येसूबाईंनंतर यशवंतराव, अमृतराव आणि कान्होजीराव अशी पुरुषांची परंपरा चालली. १८१० मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला आणि जतची सूत्रे रेणुकाबाईंकडे गेली. त्यांच्या कारकिर्दीत पेशवाई बुडाली. १८१८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले आणि कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजेच पुढे इतिहासकार म्हणून गाजलेला ग्रँट डफ, तेथे इंग्रजांचा प्रतिनिधी झाला. १८२० मध्ये साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार झाले. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट यांच्याबरोबर जतचेही अस्तित्व या करारांनी मान्य झाले. त्या वेळी जतच्या गादीवर एक स्त्री होती.

१९.
रेणुकाबाईंनंतर अल्पकाळ साळूबाई, मग रामराव. १८२७ मध्ये कर्जफेडीसाठी सातारकरांनी जत जप्त केले. रामरावांच्या मृत्यूनंतर घराण्याची बाजू त्यांच्या पत्नी भागीरथीबाईंनी धरून ठेवली. १८४१ मध्ये जप्ती उठली, दत्तकविधानाने अमृतराव गादीवर आले आणि वंश पुढे चालला. येसूबाई, रेणुकाबाई, साळूबाई, भागीरथीबाई : दीडशे वर्षांहून कमी काळात चार वेळा हे घराणे पुरुषाविना उरले आणि चारही वेळा घरातील स्त्रीने ते सावरले.

२०.
याचे मोल कळण्यासाठी शेजारी पाहावे. १८२४ मध्ये कित्तूरचा देसाई निपुत्रिक वारला. इंग्रजांनी दत्तक नाकारला आणि राणी चेन्नम्मांना शस्त्र उचलावे लागले. कित्तूर खालसा झाले. १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजी महाराज वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने अमान्य केला आणि छत्रपतींचे राज्यच कंपनीच्या मुलखात विलीन झाले. जतला जप्त करणारे सातारा स्वतः जप्त झाले, आणि त्याचा मांडलिक असलेले छोटे जत इंग्रजांच्या थेट अधिसत्तेखाली आणखी शंभर वर्षे जगले. पुढे इंग्रजांनी जतकरांना दत्तकाची सनदही दिली.

२१.
या कथेला केवळ गौरवाचा रंग देणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. दत्तक आलेल्या अमृतरावांच्या कारकिर्दीत रयतेवर इतका जुलूम झाला की १८७४ मध्ये इंग्रज सरकारने कारभार आपल्या हाती घेतला. तो १८८५ पर्यंत तसाच राहिला. मध्येच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला. वंश टिकणे आणि प्रजा सुखी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या स्त्रियांनी वतन राखले, त्यांनी ते कोणाच्या हाती जाईल हे ठरवले. ते कसे वापरले जाईल, हे त्यांच्या हाती नव्हते.

२२.
डफळ्यांचे मूळ गाव डफळापूर हीदेखील एक निराळी चिमुकली जहागीर होती. गावे अवघी सहा. साताऱ्याच्या सहा जहागिरींत ती सर्वांत लहान. तिच्याही अखेरच्या जहागीरदार एक राणीसाहेब होत्या. १९१७ मध्ये त्या वारल्या आणि डफळापूर जत संस्थानात विलीन झाले. ज्या गावाच्या पाटीलकीतून घराणे निघाले, ते गाव शेवटी पुन्हा मोठ्या पातीकडे परतले. त्याचा स्वतंत्र अध्यायही एका स्त्रीच्या नावावरच संपला.

२३.
पुढची पिढी वेगळ्या जगातली. अमृतरावांनंतर १८९२ मध्ये लहान वयातच वारस ठरलेल्या रामरावांचे नाव आज जतच्या राजे रामराव महाविद्यालयाच्या रूपाने टिकून आहे. १९२८ मध्ये आलेले विजयसिंहराव क्रिकेटचे रसिक. कसोटीत दोनशे बळींचा टप्पा प्रथम ओलांडणारा ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याला त्यांनी प्रशिक्षणासाठी जतला आणले. त्याच्या हाताखाली सांगलीचा एक तरुण शिकला : विजय हजारे. त्यांनीच १९४८ मध्ये अ‍ॅडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकली आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला.

२४.
८ मार्च १९४८ रोजी दख्खनमधील इतर संस्थानांबरोबर जत मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि जत त्याचा भाग बनले; १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सटवाजीरावांची देशमुखी, औरंगजेबाची जहागीर, १८२० चा करार, दत्तकाची सनद, सारे कागद इतिहासाच्या दप्तरात गेले. सीमेवरचे गाव सीमेवरच राहिले. उमराणीत १६७३ मध्ये ज्या पाण्याने लढाईचा निकाल लावला, त्याच पाण्याचा प्रश्न आजही जतच्या राजकारणाचा केंद्रबिंदू आहे.

२५.
संस्थानांच्या वंशावळी पाहताना एक सवय लावून घ्यावी. त्यांत पुरुषांची नावे ठळक असतात आणि मध्येच एखाद्या ओळीत ‘अमुकची विधवा’ एवढाच उल्लेख येतो. वाचक ती ओळ ओलांडून पुढच्या राजाकडे जातो. जतच्या वंशावळीत अशी एक ओळ १७०६ पासून १७५४ पर्यंत पसरलेली आहे. एकाही डफळे जहागीरदाराची कारकीर्द त्याआधी एवढी दीर्घ नव्हती.

२६.
बाजी डफळे साताऱ्याच्या तटावर चढले तेव्हा मागून कोणी आले नाही, म्हणून ते पडले. त्यांच्या मागे जतमध्ये मात्र कोणीतरी उभे राहिले. तटावरचा तो एक क्षण इतिहासाच्या ग्रंथांत नोंदला गेला. वाड्यातील अठ्ठेचाळीस वर्षांना ग्रंथ मिळाला नाही; पण ती वर्षे नसती, तर त्या क्षणानंतर डफळ्यांचे नाव पुढे चालवण्यास कोणी उरले नसते.

(समाप्त)